खेळीमेळीच्या वातावरणात

इसाकला देव भेटला त्याला सोळा दिवस झाले होते, आणि घरातलं कुणी त्याच्याशी धड बोलत नव्हतं.

देवाबद्दल कुणाची तक्रार नव्हती. देव या घरात पणजोबांच्या वेळेपासून होता. कुठल्याशा जुन्या दुष्काळात पणजोबा मिशनच्या विहिरीवर पाणी आणायला गेले, ते येताना घागरीबरोबर त्यालाही घेऊन आले. तेव्हापासून तो दर रविवारी दहा ते अकरा भेटायचा आणि उरलेला आठवडा कुणाच्या अध्यात नसायचा, ना मध्यात. तक्रार होती ती इसाकबद्दल. देव भेटल्यापासून तो खरं बोलायला लागला होता.

पहिल्याच दिवशी त्याच्या बायकोनं, मालनबाईनं, वांग्याची भाजी वाढून सवयीनं विचारलं, "कशी झालीय?"

"नेहमीसारखीच."

"म्हंजे चांगली?"

इसाकनं घास गिळला, डोळे मिटले आणि बराच विचार केला. "न्हाई," तो म्हणाला.

तेव्हापासून मालनबाई त्याच्याशी भिंतीमार्फत बोलत होती. "भिंती, त्यांना म्हनावं चा झालाय." भिंत निरोप बरोबर पोचवायची.

चौथ्या दिवशी थोरल्या भावाच्या, बन्सीच्या मुलीला बघायला धर्मापुरीहून पाहुणे आले. मुलाच्या बापानं बशीतला चहा फुंकत चौकशी केली, "घरान्यात कुनाला दारूबिरूचा नाद न्हाई ना?"

"दादाचं सोडलं तर कुनालाच न्हाई," इसाक म्हणाला.

पाहुण्यांनी बशी अर्धी ठेवली. बन्सीनं त्या संध्याकाळी काहीच अर्धं ठेवलं नाही.

हे सगळं सुरू झालं ते एका सहीवरून.

इसाक उंबरटाकळी सहकारी दूध उत्पादक संस्थेचा सचिव होता आणि बन्सी अध्यक्ष. बावीस वर्षांत संस्थेनं एकही सभा घेतली नव्हती आणि एकाही सभेचं इतिवृत्त चुकवलं नव्हतं. नोटीस मात्र दर वेळी चौदा दिवस आधी लागायची. नोटीस लावण्यात संस्थेनं कधी हयगय केली नाही. सभेच्या दिवशी इसाक एकटा रजिस्टर उघडून बसायचा, सूचक नेमायचा, अनुमोदक नेमायचा, दोन-तीन सभासदांकडून हरकत घ्यायचा, त्यांची समजूत काढायचा आणि शेवटी लिहायचा, "सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली." मग सह्या. एकशे बारा सभासदांपैकी कुणाची सही शेपटी मारते, कुणाची रेघेखाली घसरते, कोण स्वतःच्या नावात चुकतो, हे त्याच्या बोटांना पाठ होतं. अंगठेवाल्यांसाठी घरच्यांचे अंगठे होते, आणि हजेरी जास्त असली की पायाचेसुद्धा.

एकशे बारापैकी एकोणचाळीस वारले होते. पण तसं कुणी रजिस्टरात लिहिलं नव्हतं, म्हणून तेही यायचे. किंबहुना तेच नेमानं यायचे. पाळकसाहेबांनी एकदा चर्चमध्ये विचारलं होतं, मेलेले उठतील यावर तुमचा विश्वास हाय का. इसाकनं मागच्या बाकावरून मान हलवली होती. त्याच्याकडं ते दर वर्षी उठत होते.

गावात हस्ताक्षर चांगलं असलेला माणूस एकच, म्हणून चर्चच्या कमिटीचा सचिवही इसाकच. सोळा दिवसांपूर्वी पावसासाठी प्रार्थना झाली. आले तिघं. पाळक बंकट, इसाक आणि त्याची आई दगडाबाई. पाळकसाहेब तिघांना धीर देत म्हणाले की दोघं-तिघं जरी त्याच्या नावानं जमले, तरी तो स्वतः तिथं हजर असतो. मग ते अहवाल लिहायला सांगून घरी गेले. इसाकनं रजिस्टर ओढलं आणि हजर असलेल्यांची नावं लिहिली. एक पाळक, दोन आई, तीन आपण. आणि सवयीनं, कारण सभेत ज्याचं नाव निघालं त्याची हजेरी लागायची, चौथ्या ओळीवर लिहिलं, "प्रभू (स्वतः)". पुढं सहीचा रकाना.

पेन रकान्यावर आलं आणि थांबलं.

त्यानं प्रमुख पाहुणे म्हणून कलेक्टरची सही केली होती. वारलेल्या मामाची केली होती. ही येईना. शेपटी मारावी, की रेघेखाली घसरवावी? नमुनाच नव्हता. तो रिकाम्या चर्चमध्ये तासभर बसला. सुरुवातीला त्याला नुसती अडचण वाटत होती. मग वाटलं, कुणीतरी समोरच्या बाकावर बसून आपल्या पेनाकडं बघतंय. घाई नाही, राग नाही. रजिस्टर पुरं व्हायची वाट बघावी तसं. बावीस वर्षांत त्यानं हजारो हजेऱ्या लावल्या होत्या, पण खरंच हजर असलेला सभासद हा पहिलाच. त्यानं पेनाला टोपण लावलं आणि लहान पोरासारखा रडला. त्यानंतर घरी जाऊन भाजीबद्दल ते बोलला.

आज तेराच्या सालचा मार्च होता, परळीच्या वीज केंद्राकडून राखेचा वारा येत होता, गावात गवताची काडी नव्हती, आणि सकाळी दहा वाजता बन्सीनं दूध संकलन केंद्राच्या टेबलावर रजिस्टर आपटलं.

"लिव."

"काय लिवू?"

"आजची सभा. चारा छावनी आपल्या संस्थेला मिळतीय. सर्वसाधारन सभेचा ठराव पाच वाजायच्या आत परळीला तहसिलात पोचला पायजे. न्हाई पोचला तर छावनी दुसऱ्या गावाला. आपली तीनशे चाळीस जनावरं तवर काय राख खातील?"

"सभा कुठं झालीय, दादा?"

बन्सीनं त्याच्याकडं बघितलं. "ती कवा झालती?"

"म्हनून तर म्हन्तो. नोटिशीत अकराचा टाइम हाय. घेऊ की."

"काय घेऊ?"

"सभा."

बन्सी खुर्चीवर बसला. अध्यक्ष होऊन बावीस वर्षं झाली, पण असं काही त्याला कुणी सुचवलं नव्हतं. "आन ती कशी घेतेत?" त्यानं जरा हळू विचारलं.

कुणालाच माहीत नव्हतं. नबी मिस्त्री, चौऱ्याहत्तर नंबरचा सभासद, फॅट मोजायचं मशीन दुरुस्त करायला आला होता. तो म्हणाला, माइक लागतो. बन्सी म्हणाला, हार लागतो. शेवटी अध्यक्षासाठी दुधाचा रिकामा कॅन पालथा घातला आणि दवंडीऐवजी नबीनं आपल्या मोटारसायकलचा हॉर्न पाच मिनिटं वाजवला. अकरा वाजता नबी धरून आणि बन्सी धरून नऊ सभासद जमले. त्यातले दोघं हॉर्न बंद करा म्हणून सांगायला आले होते. पाळकसाहेब सभासद नव्हते, पण दारात उभे राहिले. मालनबाई अंगणवाडी सोडून आली आणि भिंतीजवळ उभी राहिली, म्हणजे बोलायची वेळ आलीच तर सोय असावी.

"गणपूर्तीला पंचवीस लागतेत," इसाक म्हणाला. "नऊ हायेत."

"बाकीचे ऊस तोडायला गेलेत, तिकडं घाटाखाली," बन्सी म्हणाला. "जिते कुनी गावात न्हाईत, इसाक. मयत मात्र समदे हितंच हायेत. सोळा घे त्यातले."

"न्हाई."

"समदे घे म्हन्लो का मी? निवडून घे. देवाधर्माचे, निर्व्यसनी घे."

"दादा, ते मेलेत."

"कुनी तक्रार केलीय का त्यांनी?" बन्सी दाराकडं वळला. "पाळकसाहेब, तुमीच सांगा याला. मुक्या जनावरासाठी केलं तर पाप लागतंय का?"

पाळकसाहेबांना दोन म्हशी होत्या. त्यांनी घसा साफ केला, आभाळाकडं बघितलं, तिथं काही नव्हतं. "शास्त्रात," ते म्हणाले, "चारा छावनीबद्दल थेट असं काही न्हाई."

"बघ," बन्सी म्हणाला.

"पर मेलेल्यांच्या सह्यांबद्दल..." पाळकसाहेब पुढं म्हणायला लागले.

"थेट तेवढंच सांगा," बन्सी म्हणाला.

तेवढ्यात दगडाबाई आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्याला तेल, आणि उजव्या हाताचा अंगठा आधीच शाईत बुडवून वर धरलेला, कुठं लागू नये म्हणून. दर वर्षी ती अशीच यायची. सभासद क्रमांक एक, निवृत्ती, म्हणजे तिचा नवरा, अकरा वर्षांपूर्वी वारला होता. बाकी कुणाचाही अंगठा इसाकनं कुणाचाही लावावा, पण निवृत्तीचा अंगठा तिचाच असायचा. तो हक्क तिनं घरातल्या पायांनासुद्धा दिला नव्हता.

"कुठं लावू?" ती म्हणाली.

इसाकनं रजिस्टर जवळ ओढलं. "माय, आज आबांचा अंगठा न्हाई लावायचा."

"कावून?"

"आबा वारलेत."

"मला ठावं हाय," दगडाबाई म्हणाली. "मी व्हते तिथं."

नबीला हसू आलं, ते त्यानं मशीनमध्ये डोकं घालून लपवलं.

"अकरा वर्सं वारलेलेच हायेत की. तवा चाललं, आज कावून न्हाई?"

"ते खोटं हाय, माय."

दगडाबाईनं अंगठा खाली केला नाही. "वर्सातून एक डाव तू त्यांचं नाव वाचतूस," ती म्हणाली. "क्रमांक एक, निवृत्ती. आन मी हजर म्हन्ते. बाकीच्या दिवशी कोन वाचतंय त्यांचं नाव? आता तेबी खोटं का?"

बन्सीनं ओळखलं की भाऊ इथं फुटणार, आणि त्यानं फक्त रजिस्टर बोटानं थोडं पुढं सरकवलं.

इसाकला भाजीबद्दल खरं बोलणं सोपं गेलं होतं. पाहुण्यांना तर अगदीच सहज. सोळा दिवस त्याला वाटत होतं की खरेपणा म्हणजे समोरच्याच्या ताटात टाकायचं काहीतरी असतं. आता ते त्याच्या स्वतःच्या ताटात आलं होतं. पेन उचललं तर आई हसत घरी जाणार, जनावरं वाचणार, भाऊ बोलायला लागणार. आणि चौथ्या ओळीवरचा तो, तो तर काही म्हणतच नाही. राग नाही, घाई नाही. रागावला असता तरी बरं झालं असतं. निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

"अरे, तू तरी सांग काही," इसाक पुटपुटला.

"मी सांगितलं की मगाशी," बन्सी म्हणाला.

इसाकनं रजिस्टर उघडलं, घड्याळ बघितलं आणि भल्या मोठ्या अक्षरात लिहिलं, वर वाचूनही दाखवलं. "अकरा वाजून दहा मिनिटं. गणपूर्तीअभावी सभा तहकूब."

मग तो बाहेर जाऊन नोटिशीच्या फळ्याखाली बसला.

आत बन्सीचा आवाज चढला. तीनशे चाळीस जनावरांची हत्या, घराण्याचं नाव, आणि मधूनच धर्मापुरीचे पाहुणे. कुणी घरी गेलं नाही. भांडण बघायला थांबलेत असं नव्हे; घरी जाऊन तरी काय, गोठ्यात गाय तोंडाकडं बघत बसणार. नबीनं चहा सांगितला.

मालनबाई बाहेर आली. फळ्याची भिंत होती, म्हणजे बोलायला हरकत नव्हती.

"भिंती," ती म्हणाली, "त्यांना म्हनावं, आत्याबाईला असं तोंडावर सांगायची गरज न्हवती."

"व्हय," इसाक म्हणाला. "न्हवती." थोड्या वेळानं म्हणाला, "त्या दिवशीच्या वांग्याचं. मी दोन घास जास्त खाल्ले व्हते. तेबी खरं हाय, पर ते सांगायचं राहिलं."

मालनबाई फळ्याकडं वळली. अंगणवाडीची बाई ती, समोर लिहिलेलं काही दिसलं की चुका काढल्याशिवाय राहवायचं नाही, आणि नवऱ्याची नोटीस तर सोन्याहून पिवळी. ती वरून वाचायला लागली. "सर्वसाधारणला ण पायजे, न काढलाय. सभासदांनी उपस्थित राहावे, इथं अनुस्वार न्हाई. टीप." ती थांबली. "टीप. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने घेण्यात येईल, व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही."

तिनं ते पुन्हा वाचलं, या वेळी भिंतीला सोडून.

"अवो," ती म्हणाली. "हे काय लिवलंय तुमी?"

इसाक उठला. बावीस वर्षं ही टीप तो स्वतःच्या हातानं लिहीत आला होता. पोटनियमातून पहिल्या वर्षी उतरवली, मग जुन्या नोटिशीवरून नव्या नोटिशीवर. चर्चमधली प्रार्थना म्हणतात तशी. तोंडपाठ असलेली गोष्ट कोण कशाला वाचेल?

"किती वाजले?" तो म्हणाला.

अकरा पस्तीस झाले होते.

"दादा," इसाकनं दारातून सांगितलं, "अर्धा तास थांबलं की कुनी लागत न्हाई. नियमच हाय. अजून पाच मिनिटं."

"कुनी म्हंजे?"

"कुनीबी. पंचवीस न्हाई, नऊ न्हाई. जे हायेत ते चालतेत."

बन्सीचं तोंड उघडं राहिलं. नबीनं चहाचा ग्लास खाली ठेवला. दगडाबाई मात्र अजून अंगठा वर धरून कॅनवर बसली होती, अध्यक्षाच्या जागी, आणि तिनं हिशेब सगळ्यांच्या आधी लावला.

"म्हंजे अर्धा तास नुसतं थांबलं असतं, तर कुनीच लागत न्हवतं?"

"न्हाई, माय."

"मंग बावीस वर्सं त्या मेलेल्या मान्सांला कशाला उठवीत व्हतास रे? झोपू द्यायचं की बापड्यांना."

पहिला नबी हसला. मग पाळकसाहेब, आणि ते थांबेचनात. त्यांना दाराला धरून खाली बसवावं लागलं. बन्सीनं गंभीर राहायचा प्रयत्न केला, पण त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक ते एकोणचाळीस जण आले असावेत, बावीस वर्षं दर साली धोतर झटकत, डोळे चोळत, दूध केंद्रासमोर रांगेत. "मामा तर पायांनी अधू व्हता," तो कसाबसा म्हणाला आणि भिंतीवर डोकं टेकवून हसायला लागला. पाच मिनिटं कुणाला श्वास घेता आला नाही. तेवढ्यात अकरा चाळीस झाले.

सभा सुरू झाली. बन्सीनं आईला उठवून अध्यक्षपद परत मिळवलं. इसाकनं विषयपत्रिका वाचली. विषय क्रमांक एक, मयत सभासदांना श्रद्धांजली. बावीस वर्षांत संस्थेत अधिकृतपणे कुणी मेलंच नव्हतं, म्हणून हा विषय कायम "निरंक" असायचा.

"एकोनचाळीस जन हायेत," बन्सी म्हणाला. "प्रत्येकी दोन मिनिटं उभं राहायचं तर सव्वा तास गेला. तहसील बंद व्हईल."

"एकदाच उभे राहू," नबी म्हणाला. "ते काही भांडायचे न्हाईत. सगळ्यात शांत सभासद तेच व्हते."

इसाकनं नावं वाचली. पहिलं, सभासद क्रमांक एक, निवृत्ती. दगडाबाईच्या ओठावर सवयीनं "हजर" आलं, ते तिनं गिळलं. दोन मिनिटं सगळे उभे राहिले. बाहेर राखेचा वारा होता, कुठंतरी एक गाय ओरडली. दगडाबाई रडली, पदर न लावता, अंगठा वर धरून.

खाली बसल्यावर ती म्हणाली, "बरं वाटलं. एवढ्या दिवसात त्यांना कुनी गेलं म्हन्लंच न्हवतं."

विषय क्रमांक दोन, सभासद क्रमांक एकवर वारस म्हणून दगडाबाई निवृत्ती यांचं नाव लावणे. एकमतानं मंजूर. विषय तीन, चारा छावणी. मंजूर तर झालाच, पण अनुमोदक कोण यावरून बन्सी आणि नबी यांचं जोरात वाजलं, कारण नबीला आयुष्यात एकदा तरी अनुमोदक व्हायचं होतं आणि बन्सीनं ते दुसऱ्याच कुणाला कबूल केलं होतं.

"तुला अनुमोदनाचा अर्थ तरी ठावं हाय का बे?"

"अर्थ कशाला पायजे? हात वर केलाय की मी."

इसाकनं रजिस्टर आईपुढं धरलं. "इथं."

"हा अंगठा कुनाचा?" दगडाबाईनं विचारलं.

"तुझा."

"माझा माझाच?"

"व्हय."

तिनं अंगठ्याकडं बघितलं, जणू तो कुणी तिच्या घरी अकरा वर्षं ठेवायला दिला होता. मग तो कागदावर इतका दाबला की शाई तीन पानं खाली उतरली. "हजर," ती म्हणाली, मोठ्यानं, दाराबाहेरच्यांनाही ऐकू जाईल असं.

इसाक शेवटच्या ओळीवर आला. "सभा" एवढं लिहून थांबला. नबी आणि बन्सी अजून एकमेकांचा हात खाली ओढत होते.

"लिवा की," मालनबाई म्हणाली. थेट त्यालाच. "खेळीमेळीच्या वातावरणात."

"भांडनं चाललीत."

"मग तसं लिवा."

त्यानं लिहिलं, "सभा भांडत, हसत व एकदा रडून पार पडली."

बन्सीनं रजिस्टर हिसकावून सह्या तपासल्या. दहा. आणि त्याखाली अकरावी ओळ, नंबर घातलेली, पुढं कोरी. "ही कुनाची?"

"एक जन हाय," इसाक म्हणाला. "येतो. सही करत न्हाई."

"आन नियमात बसतंय?"

"अर्ध्या तासानंतर समदं बसतं, दादा."

बन्सीनं त्याच्याकडं बघितलं. मग त्या कोऱ्या ओळीकडं. काहीतरी वाकडं बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि बहुधा तहसिलाची वेळ आठवून मिटलं. "नबी," तो म्हणाला, "गाडी काढ. अनुमोदक हाईस ना तू? मग चालव."

दोघं राखेतून परळीकडं निघाले, रजिस्टर बन्सीच्या पोटाशी, अनुमोदकाची मान ताठ. मालनबाईनं पालथा कॅन सरळ केला आणि जेवायला या म्हणाली. भाजी वांग्याचीच होती.

दगडाबाईनं संध्याकाळपर्यंत अंगठ्याची शाई धुतली नाही. पाणी वाचवायचं म्हणून, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. ते खरं नव्हतं. इसाकनं ऐकलं, आणि तो काही बोलला नाही.